पिओचा बर्फ आणि माहूजची खिडकी

मी पिओहून निघाले त्या सकाळी बसचा ड्रायव्हर चाकांना साखळ्या बांधत होता. माझे वडील, अण्णा, माझी बॅग डोक्यावर घेऊन पुढे चालले होते आणि मागे न बघताच सांगत होते, "आधी टाच टेकीव, मग पाय. घाई करू नगं." बस हलली तेव्हा त्यांनी हात केला नाही. काचेवरचा बर्फ मात्र बाहीने पुसून दिला, मला नीट दिसावं म्हणून.

आम्ही मूळचे सांगलीकडचे, विट्याजवळचे. सोनं-चांदी गाळायच्या धंद्यापायी आमच्याकडची माणसं देशभर पांगली. अण्णा हिमाचलात, पार किन्नौरपर्यंत पोचले. तिथल्या पिओ गावच्या बाजारात त्यांची भट्टी होती. लोक आम्हाला 'मराठा' म्हणायचे. मी जन्मले तिथंच.

हिवाळ्यात रस्ता बंद व्हायचा, वीज जायची, नळ गोठायचे. आई पातेल्यात बर्फ भरून खोली उबवणाऱ्या लोखंडी तंदुरावर ठेवायची आणि त्याच पाण्याचा चहा करायची. "आता कुणी यायचं न्हाई, कुणी जायचं न्हाई. बसा निवांत," म्हणायची. एका खोलीत सगळे दिवसचे दिवस कोंडलेले असायचो, पण कोंडल्यासारखं कधी वाटलं नाही.

तसं वाटायला लागलं ते इथे, बहारीनमध्ये. लग्नानंतर महेशबरोबर माहूज भागातल्या या फ्लॅटमध्ये आले. उन्हाळ्यात नळाला कढत पाणी येतं, म्हणून गीझर बंद ठेवून त्याच्या टाकीतलं त्यातल्या त्यात गार पाणी अंघोळीला घ्यायचं, हे शेजारच्या मल्याळी ताईंनी शिकवलं. खिडकी महिनोन्‌महिने उघडत नाही. माझी मुलगी इरा हॉलमध्येच सायकल चालवते. फ्लॅट, लिफ्ट, गाडी, मॉल आणि परत लिफ्ट. तुमच्यापैकी जे इकडे आलेत त्यांना हे सांगायला नको. जे तिकडे राहिलेत त्यांना सांगूनही पटत नाही. त्यांना वाटतं, एसीत बसून कसलं दुःख.

गेल्या हिवाळ्यात अण्णांनी फोनवर सांगितलं, "गुडघं ऐकत न्हाईत. दुकान मोडतोय. बर्फ वितळला की गावाकडं जाणार." पिओचा तो शेवटचा हिवाळा होता. मी लगेच तिकिटं बघायला लागले. पण महेशने नुकतीच नोकरी बदलली होती आणि आमचे व्हिसा बदलायचे होते. ऑफिसातला माणूस म्हणाला, "काम होईपर्यंत बाहेर जाऊ नका, मॅडम. नेक्स्ट वीक, इंशाल्ला." दर आठवड्याला तो तेच म्हणायचा. मी बॅग भरून ठेवली, मग एकेक स्वेटर काढून परत कपाटात ठेवला.

एक दिवस अण्णांचा व्हिडिओ कॉल आला. गच्चीवर उभे होते, धापा टाकत. फोन फिरवून त्यांनी डोंगर दाखवला, छपरं दाखवली. मग तळव्यावर बर्फ घेऊन कॅमेऱ्यासमोर धरला. "बघ गं इरा, तुझ्या आईचा बर्फ." इरा म्हणाली, "इट लुक्स लाइक द फ्रीझर, आजोबा." अण्णा हसले. मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडला आणि पोटभर रडले.

व्हिसा झाला तोवर अण्णा-आई गावी आले होते. सुट्टीत आम्ही तिथेच गेलो. अण्णा पंख्याखाली बनियनवर बसलेले. लोक त्यांना 'हिमाचलवाले' म्हणत होते. संध्याकाळी मला जवळ बोलावून हळूच म्हणाले, "गावाला आलोय खरं, पर घरी आल्यागत वाटंना. तुला तिकडं वाटतं का गं?" मी नाही म्हणाले. ते बराच वेळ माझा हात धरून बसले. इतकी वर्षं मला वाटत होतं, मी एकटीच अडकलेय, मागे ते आहेत, बर्फ आहे, कधीही परतता येईल. आता ज्यांच्याकडे परतावं असं पिओत कुणी उरलं नव्हतं. घर म्हणजे आता आम्हा दोघांना आठवतं तेवढंच.

परतीला बहारीनच्या विमानतळाचं काचेचं दार सरकलं आणि गरम हवा तोंडावर आली. इराने डोळे मिटून ती छातीभर ओढून घेतली. "फायनली होम, आई," ती म्हणाली आणि पार्किंगकडे पळत सुटली. मी ट्रॉली ढकलत तिच्यामागे निघाले.