नानांचा बिनकानाचा पेला

दुसरा कळवळून ओरडला की ज्याला मनापासून बरं वाटतं, असा सज्जन माणूस मी एकच पाहिला : जळगावातले आमचे घरमालक नाना. मूळचे धुळ्याचे, कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवणारे, आणि गच्चीवर बाटल्यांत फळमाशा पाळणारे. त्यांच्या बायकोला आम्ही अक्का म्हणायचो. त्या म्हणायच्या, "केळी आणते मी, पिकवतात हे, आणि खातात माशा!"

नाना माशीच्या अळीला गरम सुईचं टोक लावत. अळी गरकन लोळली की खूश. "मज्जातंतूला बारीक दारं असतात रे. चटका बसला की एक दार उघडतं, विजेचा भार असलेले कण आत घुसतात, तंतू बोंब मारतो. मग दुसरं दार उघडून कण बाहेर जातात, बोंब थांबते. पहिलं दार नसलेली अळी चटका बसला तरी ढिम्म, आणि दुसरं बिघडलेली अळी कोमट टोकालाही लोळते. तू त्या दुसऱ्या अळीच्या जातीतला." खोटं नव्हतं. आठवीत शाळा सोडून मी कोकणातून इथे पाइपच्या कारखान्यात आलो. सुपरवायझरने नुसती हाक मारली तरी नोकरी गेली वाटायचं, आईचा फोन आला तरी घरात कोणी गेलं वाटायचं.

पाहुण्यांना नाना बिनकानाच्या स्टीलच्या पेल्यात उकळता चहा देत आणि बोटांकडे बघत बसत. त्यांची मुलगी बघायला आलेला मुलगा "आयो!" करून उभाच राहिला, तर नाना आत जाऊन म्हणाले, "पोरगा चांगला शे. दारं बठ्ठी चालू, सगळी!"

मी मात्र एकदा डाव्या हातात पेला धरून निवांत चहा प्यायलो. मला त्याचा अभिमानच होता. कारखान्यात म्हणायचे, "कोकण्या, हात हाय का पक्कड?" नाना हसले नाहीत. "तुले चटका बसना नही का?" खूप खूश झाले किंवा घाबरले की ते अहिराणीत बोलत. हातावरचा फिकट चट्टा त्यांनी पाहिला, मला डोळे मिटायला लावले, कापूस घेतला.

"लावा ना, नाना."

"लावून झालं."

सरकारी दवाखान्यात डॉक्टरांनी जुन्या, बदनाम रोगाचं नाव घेतलं. परतताना स्कूटरवर मागे बसून मी म्हणालो, "मी खोली सोडतो."

"कसाले? गोळ्या चालू झाल्या, आता कोणले लागत नही. तंतूनी तार तुटेल नही, नुसती मंद पडेल शे."

ते ठीक, पण अक्का? उंबरठ्यावर माझे पाय अडले. अक्कांनी माझं ताट रोजच्या जागी, नानांच्या ताटाला खेटून मांडलं होतं. "कळण्याची भाकरी गार होते," एवढंच म्हणाल्या.

तेव्हापासून सगळ्या जगाला पोळणारे नाना माझा चहा फुंकून फुंकून देऊ लागले. गोळ्यांचे महिने संपत आले तेव्हा एकदा चुकून मी त्यांचाच पेला उचलला. "आई गं!" पेला सुटला, चहा नानांच्या मांडीवर. ते जागचे हलले नाहीत.

"परत म्हण," म्हणाले.

दोन बोटं अजून झोपेतच आहेत. नानांची नजर अधू झाली, गच्चीवरच्या बाटल्या गेल्या. बोटं दिसत नाहीत म्हणून चहाच्या वेळी ते माझ्याकडे कान करून बसतात. मी कधी कधी नसलेला चटकाही बसवून घेतो.