बैठकीच्या खोलीतले कॅप्टन

बाहेर पाऊस असला की कॅप्टन विमान काढत नसत. यात तक्रार करण्यासारखं काय आहे, असं तुम्हाला वाटेल. पण ते विमान आमच्या बैठकीच्या खोलीत होतं. तीन स्क्रीन, टेबलाला स्क्रूने आवळलेलं हँडल, पायाखाली पेडल आणि कुठल्या तरी ऑफिसने टाकून दिलेली फिरती खुर्ची. डोक्यावर छप्पर, बाजूला रेडिएटर. तरी कॅप्टन खिडकीशी उभे राहून ढगांकडे बघत आणि मान हलवत. "आज हवा उडण्यासारखी नाही बे." त्यांच्या सिम्युलेटरला बाहेरचं खरं हवामान जोडलेलं असे. बटण दाबून ऊन पाडता येत होतं, पण ते त्यांच्या मते लबाडीचं काम. आता आयर्लंडच्या पश्चिमेला, शॅननमध्ये राहून पाऊस थांबायची वाट बघायची म्हणजे काय, ते इथे राहणाऱ्यालाच कळेल. दिवसभर हा माणूस घरात येरझाऱ्या घालायचा आणि मी कामात असताना दारातून डोकं घालून विचारायचा, "पश्चिमेकडे उघडतंय का रे?"

ऊन पडलं की आणखी पंचाईत. सारं गाव पोरंबाळं घेऊन समुद्रावर जाई आणि कॅप्टन पडदे ओढून घेत, कारण स्क्रीनवर तिरीप येते. इकडे घरात कुणी वारलं की पडदे ओढायची पद्धत आहे, हे आम्हाला दोघांनाही ठाऊक नव्हतं. एका लख्ख रविवारी शेजारच्या म्हाताऱ्या बाई ॲपल टार्ट घेऊन दारात उभ्या राहिल्या, माझा हात हातात घेतला आणि म्हणाल्या, "सॉरी फॉर युअर ट्रबल, लव्ह. इज इट युअर मॅन?" तेवढ्यात आतून तो 'युअर मॅन', म्हणजे इकडच्या बोलीत 'तो तुमचा बुवा', ओरडला, "कोण आहे रे? मी आल्प्समध्ये आहे!" टार्ट मात्र कॅप्टनांनी चवीने खाल्लं.

कॅप्टन अमरावतीचे, आणि कॅप्टन फक्त या बैठकीतल्या विमानाचे. वैद्यकीय उपकरणं बनवणाऱ्या कारखान्यात क्वालिटीला होते, माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठे. घर त्यांच्या नावावर भाड्याने घेतलेलं, मागची खोली माझी. जेट विमानांचा त्यांना तिटकारा. "वरून जाणाऱ्याला काय दिसतं? ढग आणि जेवणाचा ट्रे." ते उडवत ते एका इंजिनचं छोटं विमान, तेही खालून, नदी धरून, डोंगराची कड धरून. खऱ्या विमानाला जितका वेळ लागेल तितकाच वेळ. मधे थांबणं नाही. मी एकदा कुकर लावून दुकानात गेलो आणि त्यांना तीन शिट्ट्यांनंतर गॅस बंद करायला सांगितलं. परत आलो तर घरभर धूर आणि कॅप्टन नॉर्वेतल्या एका चिंचोळ्या खाडीत. "हवेत विमान उभं करता येतं का?" असं त्यांनी मलाच विचारलं. त्या वरणाचं भांडं मी टाकून दिलं.

समुद्रात ताठ उभे असलेले मोहरचे प्रसिद्ध कडे आमच्यापासून गाडीने तासाभरावर. कॅप्टनांनी ते सिम्युलेटरमध्ये किती वेळा पाहिले त्याला गणती नाही. प्रत्यक्षात एकदाही नाही. शेवटी मीच हट्टाने त्यांना गाडीत घातलं. पोचलो तर असं धुकं की कठड्यापलीकडचं काही दिसेना. कॅप्टन कॉलर वर करून उभे राहिले आणि बोट दाखवून सांगू लागले, "इथे बुरूज, तिकडे बेटं, खाली तो सुटा सुळका." शेजारचे दोन प्रवासी त्यांना गाइड समजून मागे लागले. परतताना म्हणाले, "म्हणून मी घरूनच येतो."

असा सगळा वैताग चालू असताना आई आली. बाबा आदल्या हिवाळ्यात गेले होते. तेव्हापासून नागपूरचं घर बंद होतं आणि आई पुण्याला ताईकडे होती. उन्हाळाभर माझ्याकडे राहायचं आणि मग आपल्याच घरी जाऊन राहायचं, हे तिचं तिनेच ठरवलं होतं. मी रजा जमवून ठेवली, हॉटेलं बघून ठेवली. पहिल्याच सहलीत वळणाच्या रस्त्यांनी तिला उलट्या झाल्या. दुसऱ्या शनिवारी मी गाडीची किल्ली घेऊन उभा, तर आई कॅप्टनांच्या शेजारी खुर्ची ओढून बसलेली.

"तुह्या गाडीत मले मळमळते," ती म्हणाली. "याह्यच्या विमानात नाही मळमळत."

त्या उन्हाळ्यात माझ्या आईने सगळं आयर्लंड आमच्या बैठकीतून पाहिलं. बाबा गेल्यापासून विचारल्याशिवाय न बोलणारी बाई आता हुकूम सोडत होती. "ओ कॅप्टन, जरा खाली घ्या ना. नदीले पानी किती हाय, पाहू द्या." आणि माझ्यासाठी कधी साधी चहाची कपबशी न विसळणारे कॅप्टन म्हणायचे, "घेतो काकू." मग दोघांनी शॅननहून नागपूरला जायचं ठरवलं. मी डोक्याला हात लावला.

फ्रान्स झालं, इटली झाली. पुढे त्यांचा मार्ग मला कळेनासा झाला. सरळ पूर्वेला जायचं सोडून विमान कुठल्याशा सरोवराला वळसा घालायचं, पुन्हा मागे यायचं. आईचं परतीचं खरं तिकीट पंधरवड्यावर आलं आणि हे दोघे अजून तुर्कस्तानात. एका संध्याकाळी मी कॅप्टनांना स्वयंपाकघरात गाठलं.

"अहो, तुम्हाला एक प्रवास धड संपवता येत नाही का? ती जाईल तोवर तुम्ही तिथेच घिरट्या घालत बसणार!"

कॅप्टन नळ बंद करून हळू आवाजात म्हणाले, "काकूच म्हणतात, घाई नका करू."

"का?"

"नागपूरला उतरलं की कुलूप काढावं लागेल म्हणतात. आत पाय उचलेल असं वाटत नाही त्यांना."

मला आईने यातलं अक्षर सांगितलं नव्हतं. बैठकीत जाऊन मी तिच्या शेजारी बसलो. ती स्क्रीनवर धावपट्टीत उतरून उभ्या असलेल्या विमानाकडे बघत होती. "तू पुण्यालाच राहा ना," मी म्हटलं. "नाही रे," ती म्हणाली. "घर माहं हाय. फक्त जरा दम घेऊन जातो."

मी तापाने फणफणलो होतो तेव्हा अर्ध्या दिवसाची रजा न टाकलेल्या कॅप्टनांनी दुसऱ्या दिवशी कारखान्यात आठवड्याची रजा टाकली. रोज सकाळी नाश्ता झाला की दोघं उडत. इराण, मकरानचा किनारा, कच्छ. ती निघायच्या आधीच्या रविवारी मीही मागे उभा राहिलो. नागपूरवर ढग होते, अगदी दाट. कॅप्टनांनी क्षणभर बघितलं, कसलंसं बटण दाबलं आणि आभाळ स्वच्छ झालं. मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी माझ्याकडे पाहायचं टाळलं.

अंबाझरीचा तलाव दिसला, मग आमची कॉलनी. आमच्या जागेवर संगणकाने भलतंच लाल कौलांचं घर उभं केलं होतं. आई पुढे वाकली. "हे आपलं घर नाही," ती म्हणाली. "पन जागा तीच हाय. तो कोपरा पाहा." कॅप्टन त्या कोपऱ्याभोवती फिरत राहिले, ती म्हणेपर्यंत. बऱ्याच वेळाने ती म्हणाली, "उतरवा आता."

चार दिवसांनी तिचा नागपूरहून फोन आला. कुलूप गंजलं होतं, शेजाऱ्यांनी तेल घालून दिलं. "आत गेलीस?" मी विचारलं. "गेली ना. वरून किती एवढूसं दिसलं होतं. एवढ्याशा घराले काय भ्यायचं?" मग म्हणाली, "गेली, अन् बसून रडली. आता चहा ठेवला."

वसंतात कॅप्टनांना हॉलंडला नोकरी लागली. स्क्रीन माझ्याच दोन रजयांत गुंडाळून ते निघाले, त्या रजया अजून परत आलेल्या नाहीत. आईचं ते 'एवढ्याशा घराले काय भ्यायचं' मी त्यांना दारात सांगितलं. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "काकूंना हिमालय दाखवायचा राहिला." बस्स. मी आभार मानायच्या आत टॅक्सी सुटली.

आता बैठकीत सोफा आहे, पडदे उघडे असतात, वरण करपत नाही. फक्त रविवारी आईचा फोन लागत नाही. हॉलंडहून कॅप्टनांचा व्हिडिओ कॉल चालू असतो तासन् तास. परवा वैतागून विचारलं, कुठे होतीस इतका वेळ?

"पेरूत," आई म्हणाली. "लय मोठे पहाड हायेत तिथले. तू जेवला का?"