पाण्याचा दिवस आणि ताईंचे केस

माझ्या नणंदेच्या लग्नासाठी गुरुजींनी तीन मुहूर्त काढून दिले होते. त्यातला एक मी निवडला, कारण त्या दिवशी आमच्या गल्लीत पाणी येणार होतं. घरातल्या कुणाला यात काही वावगं वाटलं नाही. सोलापुरात चार दिवसांआड पाणी येतं, आणि घरचं कार्य कोरड्या दिवशी करायची हौस कुणाला नसते. मी शाळेच्या कार्यालयात हिशेबाचं काम करते. कॅलेंडरवर पाण्याच्या तारखांना गोल करून ठेवायची मला सवय आहे. गोल आणि मुहूर्त एका चौकोनात आले, तेव्हा मला स्वतःचं फार कौतुक वाटलं.

ताई, म्हणजे माझ्या थोरल्या नणंदबाई, पन्नाशी ओलांडलेल्या. आईवडिलांच्या आजारपणात त्यांची लग्नाची वर्षं निघून गेली आणि केसही गेले. म्हणजे गळले नाहीत, पांढरे झाले. मी या घरात आले तेव्हा त्यांची वेणी कमरेखाली जायची. लांबी अजून तेवढीच आहे, पण कपाळापासून कानांमागपर्यंत कापूस. करमाळ्याचे एक विधुर गृहस्थ, तिथे दूध संकलन केंद्र चालवणारे, ताईंना दोनदा भेटले. दोन्ही वेळा केस असेच होते आणि दोन्ही वेळा ते हो म्हणाले. तेव्हा प्रश्न नवऱ्या मुलाचा नव्हताच. साडी, दागिने, काय हवं ते सांगा, असं मी म्हटलं तर ताई म्हणाल्या, "काळ्या केसांत गजरा. एकदाच. नंतर पुन्हा पांढरे झाले तरी चालतील."

बाजारातल्या डायने त्यांच्या कपाळावर पुरळ उठतं. आमची शेजारीण तिच्या पुढच्या खोलीत पार्लर चालवते. तिने मेंदीत निळीच्या पानांची पूड मिसळायचं ठरवलं. नुसती मेंदी लावली तर पांढऱ्या केसांचं गाजर होतं, हा तिचा अनुभव. मागच्या पाण्याच्या दिवशी ताई त्यांच्या शाळेतल्या परीक्षेच्या कामात अडकल्या होत्या, म्हणून हे काम लग्नाच्या पहाटेवर आलं. कमरेखालचे केस धुवायचे म्हणजे निदान दोन बादल्या हव्यातच. शेजारीण मला म्हणाली, "काकू, नळ आला की मग लावू." मी म्हणाले, पाणी सातला येतं, मेंदी दोन तास ठेवायची, तेव्हा पाचला लावलेली बरी. गणित बरोबरच होतं.

पाचला ताईंचं डोकं भरलं. वाळू नये म्हणून त्यावर साडीच्या दुकानाची लाल पिशवी उलटी घातली. उरलेली साधी मेंदी होती, ती मी माझ्या कानशिलांना थापून घेतली. वाया कशाला घालवायची. वैरागहून आलेल्या मावशी, माझ्या सासूबाईंची बहीण, पाटावर बसून आमच्याकडे बघत होत्या. नवरीपेक्षा नवरीची वहिनीच जास्त नटतीया, असं त्या दोनदा म्हणाल्या.

सात वाजले. नळ फुसफुसला आणि गप्प झाला. साडेसातला गल्लीच्या ग्रुपवर निरोप आला की मोठी पाइप फुटली आहे, दुरुस्ती चालू आहे, दुपारपर्यंत बघू.

आता टाकीबद्दल सांगायला हवं. पाण्याच्या आदल्या दिवशी टाकी रिकामी करून घासायची, ही आमच्याकडची रीत. लग्न म्हणून मी हौदसुद्धा घासून घेतला होता. दोन्हीकडे आरशासारखा लखलखाट होता आणि थेंब नव्हता. आमचे हे बादली घेऊन गल्लीत फिरले आणि बादली तशीच हलवत परत आले. सगळ्यांनी त्या दिवसाच्या भरवशावर आदल्या दिवशी चादरी धुतल्या होत्या. टँकरवाल्याने दुपार सांगितली. आचारी आपलं पाणी आपल्या पिंपात घेऊन आला होता आणि त्या पिंपावर हात ठेवूनच उभा होता.

अंगणात पाहुण्यांसाठी मागवलेले थंड पाण्याचे जार ओळीने ठेवले होते. सगळ्यांच्या नजरा तिकडे गेल्या. मी मध्ये उभी राहिले. माणशी किती पेले लागतात ते धरूनच जार सांगितले होते, एकही जादा नव्हता. शिवाय त्या बर्फाच्या पाण्याने नवरीला न्हाऊ घातलं असतं तर मंगलाष्टकांत ती शिंकत राहिली असती.

ताई पिशवी घालून ओट्यावर बसल्या होत्या. आठ झाले, साडेआठ झाले. हिरवट पाणी कानामागून ओघळत होतं आणि त्या ते जुन्या टॉवेलने टिपत होत्या. मला वाटलं, आता रडतील. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, माझ्या कानशिलांवरचे दोन शेणगोळे पाहिले, आणि त्यांना हसू फुटलं. मग मला. शेजारीण तर भिंतीला टेकून खालीच बसली. मावशी तेवढ्या गंभीर होत्या. म्हणाल्या, "पाणी न्हाय तर न्हाय, नवरा तरी येतोय न्हवं?"

त्याच वेळी नवऱ्या मुलाचा फोन आला. ते टेंभुर्णीच्या पुढे आले होते. येताना काही आणायचं का, असं रीतीप्रमाणे विचारत होते. नाही नाही, तुम्ही फक्त या, असं हे रीतीप्रमाणे सांगायला लागले, तोच ताईंनी पिशवी सावरत फोन काढून घेतला.

"पाणी आणा," त्या म्हणाल्या. "प्यायला नाही. डोकं धुवायला. लई लागेल."

पलीकडून त्यांनी एवढंच विचारलं, "गरम की गार?"

पावणेअकराला त्यांची गाडी आली, आणि मागोमाग एक पिकअप. त्यात दुधाचे कॅन, झाकणापर्यंत पाण्याने भरलेले. मोहोळजवळ त्यांच्या ओळखीची एक डेअरी आहे, तिथे थांबून बोअरचं पाणी भरून घेतलं होतं. एका कॅनमध्ये तर चक्क कढत. फेटा बांधलेला नवरदेव स्वतः कॅनचा एक कान धरून मागच्या अंगणात आला आणि मावशी आडव्या आल्या. अंतरपाटाआधी नवरीचं तोंड बघायचं न्हाय. मग कुणीतरी गुरुजींच्या पिशवीतून अंतरपाटच काढून आणला. एक टोक यांनी धरलं, एक मी. अलीकडे ताई पाटावर ओणव्या, शेजारीण केस चोळतेय. पलीकडून नवरदेव तांब्या भरभरून कापडावरून पुढे करतायत.

"अजून हिरवं निघतंय का?" ते पलीकडून विचारायचे.

"निघतंय," ताई खालूनच म्हणायच्या, आणि आणखी एक तांब्या यायचा.

शेवटच्या तांब्याला पाणी स्वच्छ निघालं. त्याला दुधाचा बारीक वास होता. शेजारणीने पंख्यापुढे केस मोकळे सोडले तेव्हा आम्ही तिघी जवळ जाऊन बघत राहिलो. दोन तासांची मेंदी सहा तास राहिली होती. उन्हात धरले तर जांभळाची झाक दिसत होती, सावलीत मात्र काळेभोर. ताईंनी आरसा घेतला, मान इकडे वळवली, तिकडे वळवली, आणि आरसा खाली ठेवून म्हणाल्या, "गजरा द्या."

माझी कानशिलं गाजर झाली होती. ते कुणी मला सांगितलं नाही.

मुहूर्त गाठला. अंतरपाट ओलाच होता आणि त्यावर हिरवे पंजे उमटले होते. गुरुजींनी एकदा पाहिलं आणि मंगलाष्टकं सुरू केली. ते आमच्याच गल्लीतले. दुसरं मंगलाष्टक चालू असताना शेजारच्या घरात मोटर सुरू झाल्याचा आवाज आला. मग समोरच्या घरात. मग तिसऱ्या घरात. नळ आला होता. मांडवातल्या बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. अक्षता हातात, कुणी जागचं हलेना. गुरुजींची लय एकदम वाढली. त्यांचीही टाकी कोरडीच असणार. मी डोळे मिटून उभी राहिले. लग्न लागेपर्यंत थांबायचं असा निश्चय केला होता.

तेवढ्यात अंतरपाटामागून ताईंचा आवाज आला, हळू, पण सगळ्यांना ऐकू जाईल असा.

"वहिनी, मोटर लावा. मी कुठं पळून जात नाही."

म्हणून लग्नाच्या पहिल्या फोटोत मी नाही. त्यात ताई आहेत, मान थोडी वळवलेली, गजरा नीट दिसेल अशी.