बाळगण्याची मर्यादा शून्य

अर्जदाराचे वर्णन (समितीच्या नोंदवहीवरून, परिशिष्ट ‘क’) : सर्जेराव भिकाजी रणपिसे. वय त्रेसष्ट. राहणार करंजओढा, तालुका वेल्हे. धंदा : सेवानिवृत्त, एसटी मेकॅनिक. उंची मध्यम. ओळखीची खूण : उजव्या अंगठ्यात गळ घुसल्याचा जुना व्रण. साधने : कळकाची काठी एक, दोरी एक, गळ तीन, पैकी एक गंजलेला. मत्स्यग्रहणाचा अनुभव : बावन्न वर्षे. मत्स्यग्रहणाचा हेतू : रस्सा. शेरा : अर्जदार कोणत्याही श्रेणीत बसत नाही.

शेरा बरोबर होता. पण तो समजायला थोडं मागे जावं लागेल.

करंजओढ्याचं तळं भोर आणि वेल्हे या दोन तालुक्यांच्या हद्दीवर आहे. दोन्हीकडच्या लोकांना त्यातलं पाणी आपलं आणि गाळ पलीकडच्यांचा वाटतो. उत्तरेच्या काठाला एक सपाट दगड आहे. त्यावर सर्जेराव अकराव्या वर्षापासून गळ टाकून बसत आले. नोकरीत असताना सुट्टीच्या दिवशी बसत आणि निवृत्तीनंतर शनिवारी. निवृत्त माणसाला सगळे वार सारखेच, पण शनिवार त्यांनी नेमून घेतला होता, कारण त्या दिवशी त्यांच्या आईला मरळ लागे.

आई म्हणजे भामाबाई. वय सत्त्याऐंशी, दात शून्य. बाकीच्या माशांचे काटे हिरड्यांना लागतात. मरळीला मधला काटा सोडला तर घाबरण्यासारखं काही नसतं. सर्जेराव आठवड्याला एक मरळ धरत. दुसरी लागली तर सोडून देत. मोठी लागली तर निम्मी शेजारी जाई. पावसाळ्यात पिल्लं राखणाऱ्या मरळीला ते हात लावत नसत. पिल्लांचा लाल ठिपक्यांचा ढग पाण्यावर दिसला की काठी गुंडाळून घरी. हे कोणी त्यांना शिकवलं नव्हतं, म्हणजे सगळ्यांनीच शिकवलं होतं. लेखी मात्र कुठेच नव्हतं, आणि पुढे जे झालं ते त्यामुळेच झालं.

गेल्या वर्षी जानेवारीत ‘करंजओढा जलाशय हौशी मत्स्यछंद व संवर्धन समिती’ स्थापन झाली. अध्यक्ष श्रीपाद टेंबे हे भोरातले, निवृत्त अभियंता. त्यांनी आयुष्यभर पूल बांधले आणि आता त्यांना पाण्याकडे नुसतं बघायचं होतं. त्यांच्याकडे परदेशी बनावटीच्या चार काठ्या होत्या, सतरा खिशांचं जाकीट होतं आणि नियम करण्याचा उत्साह होता. सगळं तळं समितीला रीतसर करारानं मिळालं. दगडासकट.

नियमावली बावीस पानांची होती. तिचा सारांश असा. तळ्यावर दोनच प्रकारचे लोक गळ टाकू शकतील : व्यावसायिक आणि हौशी. व्यावसायिकानं मागच्या तीन वर्षांच्या विक्रीच्या पावत्या जोडाव्यात. हौशीनं वार्षिक परवाना घ्यावा. मासा तीस सेंटिमीटरपेक्षा लहान असल्यास मोजू नये. जून-जुलैत बंदी. पकडण्याची मर्यादा : दररोज दोन. बाळगण्याची मर्यादा : शून्य. म्हणजे मासा धरावा, पट्टीवर ठेवावा, फोटो काढावा आणि परत पाण्यात सोडावा. माशानं त्या दिवशी काय केलं, असं त्याच्या घरी कोणी विचारलं तर त्यानं काय सांगावं, हे मात्र नियमावलीत नव्हतं.

परवान्याचं काम प्रेरणा शेडगेकडे होतं. भोंगवलीची मुलगी, समितीची अर्धवेळ लिपिक. उरलेला अर्धा वेळ ती कापूरहोळला झेरॉक्सच्या दुकानात बसे. समितीचं कार्यालयही त्याच टेबलाच्या डाव्या खणात होतं.

“सर्जेरावकाका, हेतूमध्ये तुमी रस्सा लिवलंय.”

“मग काय लिवायचं?”

“मनोरंजन लिवा. समदे तेच लिवत्यात.”

“बरं, मनोरंजन लिव. मग मासा घरी न्यायचा का न्हाई?”

“न्हाई. हौशीला बाळगायची मर्यादा शून्य हाय.”

“मग मी धंदेवाईक.”

“पावत्या आणल्यात?”

“कसल्या पावत्या? म्या उभ्या जन्मात एक मासा इकला न्हाई. शेजारी देतो.”

“फुकट?”

“फुकट.”

प्रेरणानं पेन खाली ठेवलं. “काका, इकला असता तर कायद्यात बसला असता. हौस असती तरी बसला असता. तुमी निस्तं खाता. त्याला रकानाच न्हाई.”

सर्जेरावांनी तिचा राग धरला नाही. तीस वर्षं त्यांनी बसगाड्या दुरुस्त केल्या होत्या. ज्या भागाला नंबर नाही तो भाग मिळत नाही, हे त्यांना माहीत होतं.

घरी आल्यावर त्यांनी आईला सांगितलं की तळ्यावर जायला आता अर्ज करावा लागतो. भामाबाईंनी थोडा विचार केला.

“पानी शिवायला इचारायचं, ह्ये आपल्या वस्तीचं एकदा झालंय की,” त्या म्हणाल्या. “आता परत कशापायी?”

“आता समद्यांस्नी लागू हाय, आई.”

“मग सुधारणा म्हणायची,” भामाबाई म्हणाल्या आणि कुशीवर वळल्या.

त्या शनिवारी मरळ आली नाही, पुढच्याही नाही. सर्जेरावांनी कापूरहोळच्या बाजारातून चिलापी आणली. भामाबाईंनी एक घास घेतला, बोटानं तोंडातून तीन काटे काढले, ताटाच्या कडेला ओळीनं मांडले आणि विचारलं, “ह्ये मासं हाय का दाभण?” मग त्यांनी मासा सोडला. मग शनिवारचा भात सोडला. मार्चपर्यंत इतर दिवसांचाही दोन घासांवर आला. डॉक्टरांनी टॉनिक दिलं. भामाबाईंनी त्याचा वास घेतला आणि बाटली तुळईवर ठेवून दिली. सर्जेरावांची बायको छाया ताकात भात कालवून देई. तो कोंबड्यांना जाई. कोंबड्या त्या काळात तेजीत होत्या. भामाबाईंचं मनगट मात्र बांगडी कोपरापर्यंत चढेल इतकं बारीक झालं. सर्जेराव ते रोज बघत.

इकडे समितीचीही अडचण होती. परवाने एकोणीस गेले होते. काठावर छत्र्या लागल्या होत्या, घडीच्या खुर्च्या आल्या होत्या, मासे मोजायच्या सात पट्ट्या आल्या होत्या. मासा आला नव्हता. दोन महिन्यांत समितीच्या खात्यावर एक खेकडा आणि टेंबे साहेबांचीच टोपी एवढीच नोंद होती. तळ्यात मासे नाहीत असा ठराव मांडण्याची सूचना एका सभासदानं केली. तेव्हा टेंबे साहेब सर्जेरावांच्या दारात आले.

“सर्जेराव, तुम्हाला हे पाणी माहीत आहे. समिती तुम्हाला मानद मार्गदर्शक नेमायला तयार आहे.”

“मानद म्हंजी?”

“म्हणजे पैसे नाहीत. पण टोपी आहे, शिट्टी आहे, ओळखपत्र आहे.”

“गळ टाकता येईल?”

“मार्गदर्शकाला नाही. त्यानं फक्त दाखवायचं.”

आतल्या खोलीतून भामाबाई म्हणाल्या, “शिट्टी शिजती का, ते इचार त्यांस्नी.”

टेंबे साहेबांनी ऐकलं नाही असं दाखवलं. सर्जेरावांनी विचार करायला दोन दिवस मागितले आणि नियमावलीची एक प्रत मागितली. ती मागणारा तालुक्यातला तो पहिलाच माणूस होता. सभासदांनीही ती फक्त मंजूर केली होती.

त्यांनी ती गाडीचं माहितीपुस्तक वाचावं तशी वाचली : पहिल्या पानापासून, बोट ठेवून, कळलं नाही तिथं मागे जाऊन. सतराव्या पानावर नियम चौदा, पोटनियम तीन होता. ‘दुखापतग्रस्त मासा पाण्यात सोडू नये. मार्गदर्शकाने त्याचा पंचनामा करून योग्य ती विल्हेवाट लावावी.’ सर्जेरावांनी त्या पानाचा कोपरा दुमडला आणि टोपी स्वीकारली.

एप्रिलच्या पहिल्या शनिवारी त्यांनी टेंबे साहेबांना दगडावर बसवलं. परदेशी काठीची चमकणारी प्लास्टिकची मासोळी काढून गळाला साधं बेडकाचं पिल्लू लावलं. कुठे टाकायचं ते दाखवलं. गप्प बसायला सांगितलं, हे सर्वांत अवघड गेलं. वीस मिनिटांत दोरी ताणली. टेंबे साहेबांनी त्रेचाळीस सेंटिमीटरची मरळ बाहेर काढली. फोटो आठ निघाले. सहांत मासा, दोनांत फक्त टेंबे साहेब.

“आता सोडू या,” ते म्हणाले.

सर्जेरावांनी मरळ उचलून तोंडाजवळ धरली. “न्हाई सोडता यायची, साहेब. जखमी हाय.”

“कुठे?”

“जबड्याला भोक पडलंय.”

“अहो, गळाचंच आहे ते.”

“व्हय. म्या पण तेच लिवतोय.” आणि त्यांनी पंचनाम्याचा कागद काढला. जखमेचे स्वरूप : भोक. जखमेचे कारण : गळ. जखम करणाऱ्याचे नाव : श्री. श्रीपाद टेंबे, अध्यक्ष.

टेंबे साहेब अभियंता होते. तर्क त्यांना कळत होता आणि आवडत नव्हता. “अशानं प्रत्येकच मासा जखमी ठरेल, सर्जेराव.”

“नियम तुमीच केलाय, साहेब. म्या वाचला निस्ता.”

“आणि योग्य ती विल्हेवाट म्हणजे?”

“ती म्या लावतो. तुमी तरास नका घिऊ.”

टेंबे साहेबांनी पाण्याकडे बघितलं, मोबाईलमधल्या फोटोकडे बघितलं. साठ दिवस, एकोणीस परवाने, एक मासा. त्यांनी अध्यक्ष या नात्यानं सही केली.

मग हे दर शनिवारी होऊ लागलं. सर्जेराव जागा दाखवत, सभासद मासे धरत. रोहू, कटला, काय लागेल ते फोटो होऊन पाण्यात परत जाई आणि कोणालाच काही झालेलं नसे. फक्त एक मरळ जखमी निघे. दुसरी मरळ लागली तर ती धडधाकट निघे, ओठ फाटलेला असला तरी. एका नवख्या सभासदानं यावर हरकत घेतली. टेंबे साहेबांनी त्याला बाजूला घेऊन सांगितलं की माशांच्या प्रकृतीबाबत मार्गदर्शकाचं मत अंतिम आहे आणि मार्गदर्शक गेला तर खेकडा उरतो.

जून-जुलैच्या बंदीत सर्जेरावांनी काही बोलायचं कारण नव्हतं; ते दिवस त्यांचेही बंदच असत. पण भामाबाईंचं सावरलेलं जेवण परत दोन घासांवर आलं. ऑगस्टच्या पहिल्या शनिवारी ते पहाटेच तळ्यावर जाऊन बसले होते. दहाच्या सुमारास टेंबे साहेबांच्या काठीला मरळ लागली. मोठी होती, पाऊण हाताची. गळ गालफडात चांगला रुतला होता आणि रक्त येत होतं. टेंबे साहेबांनी सवयीनं खिशातून पेन काढलं.

“घ्या, ही खरोखरच जखमी आहे. लिहा पंचनामा.”

सर्जेराव पाण्याकडे बघत होते. दगडापासून चार हातांवर लाल ठिपक्यांचा ढग गोल फिरत होता. एकदा पसरत होता, एकदा गोळा होत होता.

“ठणठणीत हाय,” ते म्हणाले.

“अहो, रक्त येतंय.”

“किरकोळ हाय. सोडा, साहेब. बिगीनं सोडा.”

“सर्जेराव, दोन महिने तुमच्याकडे मासा गेलेला नाही. आईंचं मला माहीत आहे. मी सही करतो म्हणतोय.”

“म्हाईत हाय. सोडा.”

गळ त्यांनी स्वतःच काढला, पक्कडीनं, घाई न करता. मरळ क्षणभर त्यांच्या हातात थांबली आणि गेली. लाल ढग तिच्यामागं वळला आणि दोघं मिळून पाण्यातल्या वेलींखाली दिसेनासे झाले. टेंबे साहेबांनी फोटो काढला नव्हता.

“हे कुठल्या नियमात आहे?” त्यांनी विचारलं.

“कुठल्याच न्हाई.”

“मग घालू या का?”

“नका घालू,” सर्जेराव म्हणाले. “घातला की त्यातनं कुनीतरी वाट काढंल.”

हे ते कोणाबद्दल म्हणाले, हे टेंबे साहेबांनी विचारलं नाही. त्यांनी काठी गुंडाळली, आणि सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत वेलींच्या बाजूला कोणी गळ टाकू नये, असं सगळ्या सभासदांना तोंडी सांगितलं. त्या दिवशी सर्जेराव रिकाम्या हातानं घरी गेले. भामाबाईंनी विचारलं, सर्जेरावांनी कारण सांगितलं, आणि त्या “बरं केलंस” म्हणून ताकातला भात चार घास जेवल्या. पुढच्या शनिवारी टेंबे साहेबांनी दक्षिणेकडच्या खोल पाण्यात एक नर धरला. एकटा, पिल्लं नसलेला. त्याच्या जबड्याला भोक पडलेलं होतं.

समितीचा पहिला वार्षिक अहवाल मार्चमध्ये छापून आला. त्यातला सहावा परिच्छेद असा : ‘अहवाल वर्षात सदर जलाशयातील मरळ जातीच्या माशांमध्ये दुखापतीचे प्रमाण लक्षणीय आढळले असून एकूण एकतीस दुखापतग्रस्त मरळींची नियमानुसार विल्हेवाट लावण्यात आली. इतर जातींमध्ये दुखापतीचे प्रमाण शून्य आहे. या तफावतीच्या कारणांचा सखोल अभ्यास करण्यासाठी अध्यक्षांच्या आधिपत्याखाली त्रिसदस्यीय उपसमिती गठित करण्यात येत असून मानद मार्गदर्शक हे तिचे पदसिद्ध सदस्य राहतील. उपसमितीची बैठक दर शनिवारी जलाशयावर होईल.’

भामाबाईंचं वजन साडेतीन किलोनं वाढलं.