सरूचा डावा हात

आमच्या भाकरीच्या शेडमधी किस्से पिठासारखे उडतेत. घरी जाऊन पदर झटकला की चार तरी खाली पडतेतच! नळदुर्गच्या हायवेला आम्ही सहा बाया ढाब्यांसाठी ज्वारीच्या भाकरी थापतो. शेड माझं, तोंडही माझंच चालतं.

आमच्यात सरूचा हात सगळ्यात चांगला. गेल्या साली तिला लकवा मारला आणि नेमका उजवा हात गेला. चुलीपुढची तिची जागा मी रिकामी ठेवली. बाया म्हणाल्या, "आता ती कशाची थापतीय?" मी म्हणलं, "जागा माझी हाय, तुमी पीठ मळा!"

*

सरू घरी पडून होती तेव्हा गल्लीतल्या बाया रोज जाऊन रडायच्या. एक बाई तर छाती बडवत म्हणाली, "आता गं कसं व्हायचं?"

मी तिथंच बसले होते. म्हणलं, "तुझ्या घरच्या भाकरी सरू करनार हुती का? न्हाय ना? मग ऊठ, आन् जाताना दार लावून घे!"

त्या दिवशी सरू महिन्यात पहिल्यांदा पोटभर जेवली.

*

तिची वेणी तिचा नवरा नाना घालायचा. गडी प्रेमळ, पण जन्म म्हशींत गेलेला. त्यानं केसांना म्हशीच्या दाव्याची गाठ मारली! ती सोडवायला आम्ही तिघी लागलो.

सरू त्याला म्हणाली, "अवो, मला लकवा झालाय. म्या कुठं पळून चाललेय?"

नाना रडला. मग उठून दुकानातून रबर घेऊन आला.

*

सरू शेडवर आली आणि डाव्या हातानं थापायला बसली. भाकरी उलटीकडं फिरायची, कडेला चिरायची. शेजारची शांता फिदीफिदी हसली, "सरे, ही भाकर हाय का किल्ल्याचा ढासळलेला बुरूज?"

सरू म्हणाली, "ढासळला तरी लोक तिकीट काढून बघायला येतेत!"

*

पण एक दिवस तिचा धीर सुटला. सात भाकरी थापल्या, सातही मोडल्या. तिनं पिठाचा गोळा परातीत आदळला. "गुरांना घाला. मलाबी त्येंच्यातच बांधा."

मला गोड बोलता येत नाही. चौथीपुढं शाळा बघितली नाही, समजूत काढायचं कुणी शिकवलं नाही. मी तिच्यासमोर बसले, उजवा हात पाठीमागं घेतला आणि डाव्यानं थापायला लागले. माझी भाकरी तव्यापर्यंत पोचलीच नाही! अर्धी परातीत, अर्धी माझ्या मांडीवर.

सरू बघत राहिली. मग म्हणाली, "तुमास्नी काय अक्कल न्हाय. पानी कमी घ्या. सरा, दावते."

त्या दिवशी तिच्या तीन भाकरी टम्म फुगल्या. माझी एकपण नाही.

*

मधी धाराशिवचे एक साहेब आले, आमच्या बचतगटाच्या बायांना जीवनावर भाषण द्यायला. दोन तास बोलले. "ताई, फक्त पॉझिटिव्ह विचार करा, सगळं बदलतं!"

सरू उठून म्हणाली, "साहेब, आमी इचार बंद केला तवा भाकर फुगली."

साहेबांनी माईक खाली ठेवला आणि जेवण कधी आहे म्हणून विचारलं.

*

दिवाळीच्या आधी लक्ष्मी कामाला आली. तेलंगणाकडची, नवरा ट्रकवर. जन्मभर भात खाल्लेली बाई. भाकरी कशी थापतात हे तिनं डोळ्यानं बघितलेलं नव्हतं. मी म्हणलं, "बस कुणाच्याबी शेजारी आन् बघून शिक." ती सगळ्यांची परात बघत फिरली आणि जिथं भाकरी सगळ्यात गोल दिसली तिथं, सरूशेजारी, जाऊन बसली.

माझं आठ दिवस तिकडं लक्ष नव्हतं. नवव्या दिवशी बघते तर काय, भाकरी पातळ, गोल, चंद्रासारखी! पण बाई डाव्या हातानं थापतीय. उजवा हात मांडीवर गप ठेवलेला, अगदी सरूसारखा.

मी ओरडले, "अगं ए! तुझ्या उजव्या हाताला काय झालं?"

लक्ष्मी दचकली. तिनं आपल्या हाताकडं बघितलं. मग उजव्या हातानं थापणाऱ्या आम्हा सगळ्यांवरून नजर फिरवली. सरूही थांबून ऐकत होती. लक्ष्मी माझ्याकडं सरकली आणि बाकीच्या बायांना वाईट वाटू नये म्हणून हळूच म्हणाली,

"अक्का, ह्या लोकांना अजून डाव्या हातानं येत न्हाई काय?"