साडेसातचं रीडिंग

कवडू रामटेकेंना मरणाची भीती नव्हती. भीती खाटेची होती. कुहीकडच्या गावात त्यांचे वडील धोंडबा लकव्याने सात वर्षं पडून होते. त्यांचं धुणंपुसणं, दर दोन तासांनी कूस बदलणं कवडूंनीच केलं होतं. "खाटीवर पडाचं नाही," ते म्हणत, "बाकी काहीही चालते."

म्हणून कोराडीच्या वीज केंद्रातून निवृत्त झाल्यावर डॉक्टरांनी रक्तदाब एकशे अठ्ठ्याहत्तर सांगितला, लकवा यातूनच येतो म्हणाले, ते त्यांनी फार मनावर घेतलं. रोज एक गोळी सुरू झाली. मीठ कमी झालं. गुडघे झिजलेले, चालणं जमेना. डॉक्टर म्हणाले, "मग छातीभर पाण्यात चाला. गुडघ्यांवर भार येत नाही, दाबही उतरतो."

मानकापूरच्या घराजवळ एक स्विमिंग टँक होता. तिथे ते रोज सकाळी चाळीस मिनिटं, कठड्याला धरून या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत. पोहणारी पोरं बाजूने सपासप निघून जात. तिथेच उन्मेषची ओळख झाली. एम. ए. झालेला, नोकरीच्या शोधात असलेला, पोहणं शिकायला येणारा पण पाण्याला घाबरणारा.

"काकाजी, कोणाची वरात काढून राहिले?" त्याने एकदा विचारलं.

"तुहीच. नवरी भेटून नाही राहिली, म्हणून एकटाच फिरून राहिलो."

पाण्यातून निघाले की अंग पुसून ते बाकावर बसत. पिशवीतून दाब मोजायचं मशीन काढत. बरोबर साडेसातला. आकडा वहीत उतरे. एकशे पन्नास. महिनाभरात एकशे छत्तीस. मग एकशे अठ्ठावीस. उन्मेष दर वेळी टाळी द्यायचा.

एका सकाळी एकशे चार आलं आणि बाकावरून उठताना डोळ्यांपुढे अंधारी आली. कवडूंनी त्यावर दिवसभर विचार केला. पाणीही दाब उतरवतं, गोळीही उतरवते. दोन्ही मिळून जास्तच होतंय. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी गोळी बंद केली, वहीत तशी नोंदही केली. आठ दिवस आकडे पाहिले. एकशे वीस. एकशे चोवीस. शरीराचं मशीन गोळीशिवायही ठीक चाललं आहे, अशी त्यांची खात्री झाली. मग डॉक्टरकडे कशाला जायचं?

त्यांच्या बायकोला, प्रेमिलाबाईंना, गोळीचं ठाऊक नव्हतं. त्या एवढंच म्हणाल्या, "संध्याकाळी बी एखादवेळ पाहा ना. डॉक्टरनं दोनदा पाहाले सांगतलं होतं."

"तुले नाही समजत वं. रीडिंग एकाच टाइमले, एकाच जागी घ्या लागते. नाही त लॉगशीट खोटी पडते."

तेहतीस वर्षं त्यांनी कंट्रोल रूममध्ये हेच केलं होतं. दर तासाला बॉयलरचा दाब, त्याच काट्यावर. त्यांच्या पाळीत एकही नोंद चुकली नव्हती. फक्त तिथे रीडिंग चोवीस तासांत चोवीस वेळा लिहिलं जाई, हे त्यांच्या ध्यानात आलं नाही.

मेच्या दुसऱ्या आठवड्यात पारा सेहेचाळीसवर होता. सकाळी वहीत एकशे बावीस लिहिलं होतं. संध्याकाळी पाच वाजता ते कूलरमध्ये पाणी भरत होते. बादली उजव्या हातातून सुटली. त्यांना राग आला. हाताला सांगितलं, धर. हाताने ऐकलं नाही. "प्रेमिला" म्हणायला गेले तर तोंडातून नुसता आवाज निघाला.

दवाखान्यातल्या तरुण डॉक्टरने वही चाळली. उन्मेष आणि प्रेमिलाबाई खाटेशी उभे होते.

"पाण्यातल्या व्यायामाने दाब खरंच उतरतो," तो म्हणाला. "लगेच नंतर तर जास्तच. काही तासांनी पुन्हा चढतो. यांनी नेमकं उतरलेलंच मोजलं, रोज. इथे गोळी बंद लिहिलंय. का सोडली?"

"सोडली?" प्रेमिलाबाई म्हणाल्या. "सोडली काहून?"

उन्मेषने टाळ्या दिलेल्या आपल्या तळहाताकडे पाहिलं. कवडूंना सगळं ऐकू येत होतं. वहीत एकही आकडा खोटा नव्हता, हे त्यांना सांगायचं होतं. ते सांगता आलं नाही, आणि सांगून उपयोगही नव्हता, हेही त्यांना कळलं.

घरी आणून खाटेवर निजवल्यावर पहिल्या संध्याकाळी पाच वाजता प्रेमिलाबाईंनी त्यांच्या दंडाला पट्टा बांधला. एकशे चौसष्ट. कवडूंनी डाव्या हाताने वही मागितली. उन्मेषने ती धरली. साडेसातच्या रकान्याशेजारी त्यांनी एक रेघ ओढली, वाकडीतिकडी. वर पाच लिहिलं, खाली आकडा. पाळी संपताना करत तशी सही करायला गेले. 'क' नीट उमटला नाही.

मग त्यांनी डाव्या हातानेच कूस बदलायची खूण केली. दोन तास झाले होते.