दवाखान्यातल्या बाईला दिलेला शब्द

ती घटना आजही आठवते, आणि रोजनाम्यात मी ती खरी लिहिली नाही म्हणून जास्तच आठवते. निजामाच्या राजवटीची अखेरची वर्षं होती. सेनगावकडच्या एका ठाण्यावर मी अमीन होतो, म्हणजे आजच्या भाषेत फौजदार.

एका जमीनदाराच्या कारभाऱ्याचा तुरीच्या शेतात कुऱ्हाडीने खून झाला. संशय सालगड्यावर होता आणि तो फरार होता. आठवड्याने खबर आली, की झटापटीत त्याच्याही दंडावर घाव बसलाय आणि मिशनच्या दवाखान्यातली बाई त्याची मलमपट्टी करते. बाई ख्रिस्ती, विधवा, पन्नाशीची. आसपासच्या गावांतली निम्मी लेकरं तिच्या हातावर जन्मलेली. मी तिला ठाण्यात आणवलं.

"आला होता का तो?"

"व्हय. पट्टी म्याच बदलते."

"कुठं आहे?"

"ठावं हाय, पण सांगणार न्हाई. त्याला शब्द देल्ला हाय."

मी लेखणी खाली ठेवली. ठाण्याची पायरी चढणारा जो तो 'मालूम न्हाई' म्हणत आत येतो. जमादार मला बाजूला घेऊन म्हणाला, "साहेब, न्हाई म्हणली असती तर घरी गेली असती. येडी हाय का ही?"

दोन दिवस तिला बसवून ठेवलं. दम दिला, दवाखान्याला कुलूप ठोकीन म्हणालो. तिच्या जबाबात एक अक्षर इकडचं तिकडे झालं नाही. खोटं बोलणाऱ्याला कात्रीत पकडायचं आम्हाला येत होतं. खरं बोलणाऱ्याचं काय करायचं, ते कोणी शिकवलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी मी सूर बदलला. तिला अहोजाहो करू लागलो.

"बाई, जमीनदाराच्या माणसांना सापडला तर ठेचून मारतील. त्याला माझ्याकडे आणा. कोणी बोट लावणार नाही, जिवंत कोर्टात उभा करीन. देवाशपथ."

"शपथ नका घेऊ साहेब. आमच्यात घेत न्हाईत. नुसतं व्हय म्हणा."

"व्हय," मी म्हणालो. त्या घटकेला ते खरं होतं.

ठिकाणा तिने तरीही सांगितला नाही. एकटी गेली, त्याला विचारून आपल्या शब्दातून मोकळी झाली आणि भर दुपारी त्याला घेऊन स्वतः ठाण्यात आली. त्याने गुन्हा कबूल केला.

दुसऱ्याच दिवशी मला हिंगोलीला बोलावणं आलं. साथीदारांची नावं काढा, असा वरून तगादा होता. निघताना मी जमादाराला म्हणालो, "जरा सांभाळून." हात लावू नकोस, असं म्हणालो नाही. तो यातून काय समजेल ते मला पक्कं ठाऊक होतं. मी परतलो तेव्हा गडी कोठडीत मरून पडला होता.

जुनी जखम चिघळून मेला, असं कागदोपत्री ठरलं. या नोंदीला बाईचा दुजोरा हवा होता. ती म्हणाली, "जखम भरत आली व्हती." मी ते लिहून घेतलं नाही. ती रडली नाही, भांडली नाही. उठताना एवढंच बोलली, "त्यो येत नव्हता. म्या सांगितलं त्याला, साहेब व्हय म्हणलेत."

माझी चौकशी झाली नाही, उलट पुढे बढती मिळाली. खोटं बोलायला फार शब्द लागत नाहीत, दोनही पुरतात, हे मी या प्रकरणात शिकलो. त्यानंतर आरोपीला शब्द दिला, की मी कोठडीच्या दारात खुर्ची टाकून बसायचो, वरून कुणाचंही बोलावणं येवो. लोक त्याला कर्तव्यनिष्ठा म्हणत. मला स्वतःची भीती वाटायची.

गडी मेला त्याच वर्षी मला हिवतापाने गाठलं. जवळ दुसरा दवाखाना नव्हता. बाईने नाडी पाहिली, गोळ्या दिल्या. मान वर न करता मी विचारलं, "उतरेल का?"

"व्हय," ती म्हणाली.

मी घरी येऊन निर्धास्त झोपलो. तिने व्हय म्हटलं होतं.